घरात बनवावे की बाहेरून घ्यावे? कारखान्यातील एका नेहमीच्या निर्णयाची पायरीपायरीने ओळख

भोसरीतल्या एखाद्या मध्यम आकाराच्या कारखान्यातला तयार पंप सुटा करून टेबलावर मांडला, तर त्यातले किती थोडे भाग प्रत्यक्ष त्या कारखान्यात बनलेले असतात हे पाहून नवख्या माणसाला आश्चर्य वाटते. बॉडी आणि इम्पेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) यांचे कास्टिंग कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फाउंड्रीतून आलेले असते, बेअरिंग आणि सील तयार विकत घेतलेले असतात, शाफ्टचे टर्निंग मागच्या गल्लीतल्या गाळ्यात झालेले असते आणि त्याची हीट ट्रीटमेंट आणखी तिसऱ्याच ठिकाणी. कारखान्याच्या स्वतःच्या छपराखाली उरते ते थोडे महत्त्वाचे मशिनिंग, जुळणी, चाचणी आणि रंगकाम. तरीही पंपावर नाव त्याच कारखान्याचे असते आणि पंप बंद पडला की गिऱ्हाईक त्याच नावाला जाब विचारते.

यातला कोणता भाग आपण बनवायचा आणि कोणता बाहेरून घ्यायचा, हे कोणी तरी कधी तरी ठरवलेले असते. अनेक ठिकाणी मात्र ते नीट विचार करून ठरवलेले नसते. एका वर्षी मशीनवर जागा नव्हती म्हणून काम बाहेर गेले आणि मग ते बाहेरच राहिले, एवढाच त्याचा इतिहास असतो. हा लेख खरेदी, कॉस्टिंग किंवा उत्पादन नियोजन विभागात नुकत्याच रुजू झालेल्यांसाठी आणि स्वतःचा छोटा कारखाना काढलेल्यांसाठी आहे. पंप हे उदाहरण सोयीसाठी घेतले आहे. गिअरबॉक्स, कंट्रोल पॅनेल किंवा शेतीची अवजारे बनवणाऱ्यांनाही हाच क्रम वापरता येईल.

आधी एक गोष्ट मनात पक्की करावी. या प्रश्नाला कायमचे उत्तर नसते, कारण उत्तर कारखान्याइतकेच त्याच्या परिसरावर अवलंबून असते. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या ओसाड माळावर कारखाना उभारला, तेव्हा आसपास ओतकाम करून देणारा किंवा सुटे भाग पुरवणारा कोणीच नव्हता. त्यामुळे बहुतेक सगळे घरातच करण्यावाचून गत्यंतर नव्हते. 1966 मध्ये टेल्कोने (नंतरची टाटा मोटर्स) पुण्याचा कारखाना उभारला, तेव्हाही कंपनीची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी साचे, जिग (काम करताना भाग आणि हत्यार नेमक्या जागी धरणारी साधने) आणि यंत्रे बनवण्याची स्वतःची क्षमता निर्माण करण्यावर मोठा भर दिला. त्या काळात ही साधने परदेशातून आणणे खर्चिक आणि परवान्यांमध्ये अडकलेले होते. त्याच टेल्कोने 2000 साली जमशेदपूरमधले ॲक्सल आणि गिअरबॉक्स यांचे विभाग कारखान्यापासून वेगळे काढून त्यांच्या उपकंपन्या केल्या. दरम्यानच्या काळात पिंपरी-चिंचवड, चाकण, वाळूज येथे पुरवठादारांची एक मोठी फळीच उभी राहिली होती. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला आणि त्याच सुमारास औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ॲल्युमिनियम डाय कास्टिंगच्या दोन मशीनवर एन्ड्युरन्स सुरू झाली. ती आज देशातल्या मोठ्या सुट्या भागांच्या कंपन्यांपैकी एक आहे. म्हणून तुमच्या कारखान्यात वीस वर्षांपूर्वी घेतलेला निर्णय आज चुकीचा दिसला, तर तो घेणाऱ्याला लगेच दोष देऊ नये. त्याच्यासमोरचा बाजार वेगळा होता.

पहिली पायरी: भाग नव्हे, काम वेगळे करा

नवखा माणूस पहिली चूक येथेच करतो. तो विचारतो, "शाफ्ट बाहेरून घ्यायचा का?" शाफ्ट ही मात्र एक गोष्ट नाही. बार कापणे, टर्निंग, चावीची खाच पाडणे, हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग आणि तपासणी अशी ती कामांची साखळी आहे आणि प्रत्येक कामाचे उत्तर वेगळे असू शकते. बार कापणे कोणीही करू शकतो. हीट ट्रीटमेंटची भट्टी लहान कारखान्याला परवडत नाही, कारण ती दिवसरात्र भरलेली असेल तरच तिचा खर्च निघतो. आणि बेअरिंग बसते त्या जागेचे ग्राइंडिंग चुकले तर सगळा पंप आवाज करू लागतो. तेव्हा बीओएम, म्हणजे पंपाला लागणाऱ्या सगळ्या भागांची यादी, उघडा, प्रत्येक भागासमोर त्याची कामे क्रमाने लिहा आणि मग प्रत्येक कामासमोर तीनपैकी एक शेरा मारा: घरात, जॉबवर्कवर किंवा पूर्ण विकत. जॉबवर्क म्हणजे माल आपला आणि काम त्यांचे. पूर्ण विकत म्हणजे मालासकट सगळे त्यांचे. ही दोन्ही "बाहेरचीच" कामे असली तरी त्यांचा हिशेब, जोखीम आणि कागदपत्रे पूर्णपणे निराळी असतात, त्यामुळे त्यांची सरमिसळ करू नये.

येथेच आणखी एक खुलासा करणे जरूर आहे. स्वतःच्याच मशीनवर ठेकेदाराची माणसे लावणे म्हणजे बाहेरून करून घेणे नव्हे. त्यात मशीनचा, जागेचा आणि खराब निघालेल्या मालाचा भार तुमच्यावरच राहतो. फक्त मजुरीची पद्धत बदलते. या दोन गोष्टी एकाच रकान्यात टाकल्याने अनेक कारखान्यांच्या फायलींमध्ये वर्षानुवर्षे चुकीचे निष्कर्ष निघत राहिले आहेत.

दुसरी पायरी: ज्याला हात लावायचा नाही ते आधी बाजूला काढा

दर मागवण्यापूर्वी ही यादी करावी. एकदा का स्वस्त दराचा कागद टेबलावर आला की, मग प्रत्येक भाग "बाहेर देण्यासारखा" दिसू लागतो.

ज्या कामामुळे गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीचा पंप सोडून तुमचा घेते, ते काम शक्यतो घरात असावे. पंपाच्या बाबतीत ते बहुधा इम्पेलरच्या पात्यांचा आकार, तो ठरवणारे डिझाइन आणि शेवटची चाचणी हे असते. इम्पेलरचे ओतकाम बाहेर झाले तरी चालते, पण त्याचे डिझाइन आणि पॅटर्न (ज्यावरून ओतकामाचा साचा बनतो तो नमुना) यांवरचा ताबा सुटता कामा नये. ज्या कामात चूक झाली तर ती जुळणीनंतर किंवा गिऱ्हाइकाच्या विहिरीवरच लक्षात येते, तेही घरातच ठेवण्याकडे कल असावा. तपासणीत लगेच पकडता येणारी चूक बाहेरच्यावर सोपवता येते. पोटात दडून राहणारी चूक सोपवता येत नाही.

डिझाइनच बाहेर सोपवल्यास काय घडते, याचे मोठे उदाहरण बोइंगच्या 787 विमानाचे आहे. त्या विमानाचे मोठमोठे भाग, त्यांच्या तपशीलवार डिझाइनसह, जगभरातल्या भागीदारांकडे देण्यात आले होते. भाग एकमेकांत नीट बसेनात, काम अर्धवट अवस्थेत पोहोचू लागले आणि पहिले विमान ठरल्यापेक्षा तीन वर्षांहून अधिक उशिरा, सप्टेंबर 2011 मध्ये ग्राहकाच्या हाती पडले. मधल्या काळात, 2009 मध्ये, बोइंगला साउथ कॅरोलायनातला एका पुरवठादाराचा कारखाना विकत घेऊन ते काम पुन्हा स्वतःकडे आणावे लागले. तेथे काम बाहेर देणे ही एकच चूक नव्हती; त्यावर देखरेख करण्याइतके ज्ञान आणि माणसे आपल्याकडे पुरेशी ठेवली नव्हती, ही अधिक मोठी चूक होती.

तिसरी पायरी: हिशेब, आणि त्यातला सापळा

या पायरीवर सावकाश चाला. मी पाहिलेल्या चुकीच्या निर्णयांपैकी बहुतेक येथेच झाले आहेत आणि ते सगळे आकडेमोड अचूक असताना झाले आहेत.

समजा, तुमच्या कारखान्याला वर्षाला 12,000 शाफ्ट लागतात. कॉस्टिंग विभागाच्या कागदावर घरात बनवलेल्या एका शाफ्टची किंमत अशी दिसते: कच्चा माल 140 रुपये, थेट मजुरी 45, टूल आणि वीज 25, मशीनचा घसारा 40, आणि ओव्हरहेडचा वाटा 80, एकूण 330 रुपये. शेजारच्या पुरवठादाराने मालासह 310 रुपयांचा दर दिला आहे. नगामागे 20 रुपये वाचतात, म्हणजे वर्षाला 2 लाख 40 हजार. निर्णय सोपा वाटतो.

आता दोन प्रश्न विचारा. पहिला: 310 रुपयांत तो शाफ्ट खरोखरच माझ्या जुळणीच्या टेबलावर येतो का? वाहतुकीचे 6 रुपये धरा, आल्यावर तपासणीचे 5, आता जास्त साठा ठेवावा लागेल त्याचे 4, आणि परत पाठवलेल्या नगांचा, त्यासाठी झालेल्या खोळंब्याचा खर्च 3. म्हणजे खरी किंमत 328 झाली. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे: हे काम बाहेर गेले, तर माझा कोणता खर्च खरोखर बंद होईल? कच्च्या मालाचे 140 बंद होतील. टूल आणि विजेचे 25 बंद होतील. घसारा मात्र चालूच राहील, कारण मशीन विकत घेऊन झालेले आहे. ओव्हरहेडच्या 80 रुपयांत मॅनेजरचा पगार, शेडचे भाडे, पहारेकरी हे सगळे आहेत. शाफ्ट बाहेर गेला म्हणून त्यातले फारसे काही कमी होणार नाही, फार तर 15 रुपये वाचतील. आणि मजुरीचे 45? ऑपरेटर कायम असतील आणि त्यांना द्यायला दुसरे काम नसेल, तर तेही वाचत नाहीत.

म्हणजे काम बाहेर देऊन वाचणार 140 अधिक 25 अधिक 15, असे 180 रुपये, आणि मोजावे लागणार 328. नगामागे 148 रुपयांचे नुकसान. 12,000 नगांवर 17 लाख 76 हजार. कागदावर 2 लाख 40 हजारांचा फायदा दाखवणारा निर्णय प्रत्यक्षात एवढे मोठे भोक पाडून जातो. ते लगेच दिसतही नाही, कारण पुढच्या वर्षी तोच ओव्हरहेड उरलेल्या भागांवर वाटला जातो, तेही महाग दिसू लागतात, आणि मग त्यांचेही दर बाहेरून मागवले जातात. असे करत करत चांगला कारखाना रिकामा होत गेलेला मी पाहिला आहे. तेथे कोणाचाही हेतू वाईट नव्हता. "वाटलेला खर्च" आणि "वाचणारा खर्च" यांतला फरक कोणी सांगितला नव्हता, इतकेच.

आता तेच उदाहरण उलट परिस्थितीत पाहा. मशीन रिकामे नाही. उलट गिऱ्हाइकांच्या दुसऱ्या कामाला तुम्ही जागा नाही म्हणून नकार देत आहात. एका शाफ्टला 12 मिनिटे लागतात, म्हणजे 12,000 शाफ्ट वर्षाला मशीनचे 2,400 तास खातात. त्या तासांत दुसरे काम घेतले, तर माल, मजुरी आणि टूल यांचा खर्च वजा जाता तासाला 600 रुपये उरतात असे धरू. मग प्रत्येक शाफ्ट तुमचे 120 रुपये अडवून बसला आहे. येथे ऑपरेटरला दुसरे काम असल्याने मजुरीचे 45 रुपयेही शाफ्टच्या खर्चातच धरायला हवेत. माल, मजुरी, टूल-वीज आणि वाचणारा ओव्हरहेड मिळून 225, त्यात अडवलेले 120 मिळवले की घरातल्या शाफ्टची खरी किंमत 345 होते, आणि बाहेरचा 328 चा शाफ्ट स्वस्त ठरतो. वर्षाला 2 लाख 4 हजारांनी. पुरवठादार तोच, दर तोच, मशीन तेच. बदलली ती फक्त मशीनवरची गर्दी, आणि उत्तर उलटले.

तिसरी परिस्थिती नवे मशीन घेण्याची असते. समजा शाफ्टसाठी वेगळे सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारे मशीन, घ्यावे लागणार आहे आणि त्याचे व्याज, घसारा, देखभाल आणि त्यासाठी नव्याने घेतलेल्या ऑपरेटरांचा पगार मिळून वर्षाला 20 लाख रुपये खर्च येतो. आत्ता बाहेरून घेताना 328 मोजता, घरात केल्यास या 20 लाखांशिवाय नगामागे 180 लागतील. म्हणजे नगामागे 148 रुपये सुटतात. 20 लाखांना 148 ने भागले की साधारण साडेतेरा हजार येतात. वर्षाला तेवढे शाफ्ट खात्रीने लागणार असतील तरच मशीनचा विचार करावा. 12,000 वर तो बसत नाही. आणि "खात्रीने" या शब्दावर मी मुद्दाम जोर देतो. विक्री विभागाचा अंदाज आणि मागच्या तीन वर्षांतली प्रत्यक्ष विक्री शेजारी शेजारी ठेवा, आणि भागाकार दुसऱ्या आकड्यावर करा.

हा हिशेब करताना एका वर्षाचा न करता मशीनच्या आयुष्याचा करणे अधिक बरोबर असते, पण सुरुवातीला एवढेही नेटके केले तरी पुष्कळ आहे. जॉबवर्क असेल तर टर्निंगमध्ये निघणारे भंगार कोणाचे, हेही दरात धरा. स्टीलमध्ये ती रक्कम किरकोळ वाटते; पितळ किंवा गनमेटल असेल तर भंगाराच्या किमतीवरच दर खरा की खोटा ते ठरते.

चौथी पायरी: पुरवठादाराच्या गाळ्यात स्वतः जा

दर पत्रकावरून ठरवू नका. जा आणि पाहा: आपल्या ड्रॉइंगवरची मापे मोजायला त्याच्याकडे साधने आहेत का, आणि त्या साधनांची कॅलिब्रेशनची तारीख उलटून गेलेली नाही ना? खराब निघालेला माल तो चांगल्या मालापासून वेगळा ठेवतो का? त्याच्या एकूण कामात तुमचे काम किती असेल? हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. तुमचे काम त्याच्या धंद्याच्या दोन टक्के असेल, तर घाईच्या वेळी तुमचा माल मागे राहील. ऐंशी टक्के असेल, तर तुमची मागणी घटली की तो बुडेल आणि तुमचा पुरवठाही त्याच्याबरोबर बुडेल. मधली जागा बरी.

अतिशय कमी दर आला तर आनंद मानण्याआधी कारण विचारा. कधी कारण खरेच चांगले असते. त्याच्याकडे त्या कामाला साजेसे मशीन असते आणि ते रिकामे असते. कधी त्याने ड्रॉइंगवरची ग्राइंडिंगची खूण पाहिलेलीच नसते.

पाचवी पायरी: उद्या कोण कोणाच्या हातात सापडेल?

करार होण्याआधी तुमच्यासमोर दहा पुरवठादार असतात. करार झाल्यावर, तुमच्यासाठी डाय बनवून झाली, त्याच्या माणसांना काम जमले की तुम्हाला तोच एक उरतो आणि त्यालाही तुम्हीच एक उरता. पहिल्या वर्षीचा दर आणि तिसऱ्या वर्षीचा दर यांत जो फरक पडतो, तो बहुधा येथून येतो. म्हणून सोपा नियम असा: ज्या भागासाठी लागणारे मशीन आणि साचे दुसऱ्या कोणाच्याही कामाचे नाहीत, तो भाग बाहेर देताना दहा वेळा विचार करा. नट-बोल्ट, बेअरिंग, ओ-रिंग यांच्याबाबत ही चिंता नाही. ते बाजारात कोठेही मिळतात, आणि ते घरात बनवण्याचा विचारही करू नये.

ज्या भागाला खास पॅटर्न, डाय किंवा फिक्स्चर (मशीनवर भाग पक्का धरून ठेवणारी चौकट) लागते, त्याचा खर्च तुम्ही स्वतः करा आणि मालकी स्वतःकडे ठेवा. वस्तूवर तुमच्या कंपनीचे नाव आणि क्रमांक ठोकून घ्या, फोटो काढून ठेवा, मालमत्तेच्या यादीत नोंद करा आणि मागताक्षणी परत मिळेल असे कलम करारात लिहा. पॅटर्नचे पैसे पुरवठादारानेच दरात घालून वसूल करावेत ही सोय पहिल्या दिवशी गोड वाटते; पण त्यामुळे पॅटर्न नेमका कोणाचा, हा वाद कायम उघडा राहतो. एका कारखान्याचा पॅटर्न फाउंड्रीतच अडकला होता, कारण फाउंड्रीच्या मालकांमध्ये वाटणीचा वाद झाला आणि शेडला कुलूप लागले. पॅटर्न आपलाच आहे हे दाखवायला एक चलनही सापडेना. नवीन पॅटर्न होईपर्यंत सव्वा महिना जुळणी बंद राहिली.

एकच पुरवठादार असावा की दोन, हा वाद जुना आहे. फेब्रुवारी 1997 मध्ये जपानमधल्या कारिया येथे ऐसिन सेकीच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला एक छोटा झडप-भाग टोयोटा जवळजवळ पूर्णपणे त्या एकाच कारखान्यातून घेत होती, आणि साठा मुद्दामच अगदी थोडा ठेवलेला होता. त्यामुळे टोयोटाची जपानमधली बहुतेक सर्व जुळणी काही दिवस थांबली. येथपर्यंत ही गोष्ट एकाच पुरवठादाराविरुद्धचा पुरावा वाटते. पुढचा भाग मात्र तितकाच महत्त्वाचा आहे: ऐसिनने ड्रॉइंग खुली केली आणि डझनावारी इतर कंपन्यांनी आपापल्या मशीनवर तो भाग बनवायला घेतला, त्यांत शिलाई मशीनसाठी ओळखली जाणारी ब्रदरही होती. गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या त्या वर्षानुवर्षांच्या चांगल्या संबंधांमुळे. लहान कारखान्याने यातून घ्यायचे ते इतकेच, की प्रत्येक भागाला दोन पुरवठादार ठेवणे परवडत नसेल, तर ज्या भागाअभावी लाइन थांबते आणि जो नव्याने बनवायला महिना लागतो, त्याला तरी दुसरा पुरवठादार तयार ठेवावा. मागणीचा तीन-चतुर्थांश पहिल्याला आणि उरलेला दुसऱ्याला, अशी वाटणी पुष्कळ ठिकाणी चालते. दुसऱ्याला अधूनमधून काम मिळाले नाही, तर तो कागदावरच राहतो.

सहावी पायरी: कागद

जॉबवर्कवर माल पाठवताना डिलिव्हरी चलन हवे. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार कर न भरता पाठवलेला कच्चा किंवा अर्धवट माल 1 वर्षाच्या आत, आणि भांडवली वस्तू 3 वर्षांच्या आत परत यायला हव्यात. ठरलेल्या अटी पाळून तो माल जॉबवर्करच्या जागेतून थेट पुढेही विकता येतो. मुदत उलटली, तर माल पाठवला त्याच दिवशी विकला असे धरले जाते आणि कर व व्याज अंगावर येते. साचे, डाय, जिग, फिक्स्चर आणि टूल यांना 3 वर्षांची मर्यादा लागू नाही, पण म्हणून त्यांची नोंद ठेवायची नाही असे नव्हे. वर सांगितलेली फाउंड्रीची हकिकत आठवा. गेलेल्या आणि आलेल्या मालाची माहिती आयटीसी-04 या विवरणपत्रात द्यावी लागते, म्हणून चलनांची वही पहिल्या दिवसापासून नीट ठेवावी.

पैसे देण्याच्या मुदतीकडे विशेष लक्ष द्या. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार, उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज द्यावे लागते. शिवाय 2023-24 या आर्थिक वर्षापासून, अशी उशिरा दिलेली रक्कम ती प्रत्यक्ष दिली जाईल त्याच वर्षीच आयकरासाठी खर्च म्हणून धरता येते. "बाहेरून घेतले की 90 दिवस पैसे फिरवता येतात" हा जुना हिशेब म्हणूनच मोडीत निघाला आहे, आणि मला त्याचे समाधान वाटते. भोसरीतल्या, शिरोलीतल्या लहान गाळेवाल्यांनी मोठ्या कारखान्यांचे खेळते भांडवल वर्षानुवर्षे आपल्या खांद्यावर वाहिले आहे. तुमच्या तिसऱ्या पायरीच्या हिशेबात उशिरा पैसे देण्याचा फायदा कोणी धरला असेल, तर तो खोडून पुन्हा बेरीज करा.

करारात आणखी काय हवे ते थोडक्यात: कच्च्या मालाचा भाव किती बदलला की दर बदलेल, खराब मालाचा खर्च कोणी सोसायचा, ड्रॉइंगची नवी आवृत्ती निघाली की जुना साठा कोणाचा, आणि ड्रॉइंग तिसऱ्याला दाखवू नये ही अट. पोलादाच्या भावाचे कलम नसेल तर भाव चढताना पुरवठादार बोलतो आणि उतरताना गप्प बसतो. खरेदी विभागही नेमके उलट करतो. ते कलम दोघांनाही वाचवते.

सातवी पायरी: काम हलवणे

निर्णय झाला म्हणून सोमवारपासून सगळे काम बाहेर, असे करू नये. आधी पाच-दहा नगांचा नमुना घ्या आणि तो पूर्ण मापांवर तपासा. मग शंभर-दोनशे नगांचा लॉट, तोही पुरवठादाराच्या नेहमीच्या ऑपरेटरने नेहमीच्या मशीनवर केलेला. नमुना अनेकदा मालक स्वतः उभा राहून काढतो आणि तो अर्थातच उत्तम असतो. हा लॉट जुळणीतून, चाचणीतून सुखरूप गेला की मागणीचा चौथा हिस्सा, मग अर्धा. तोवर घरातले फिक्स्चर काढून भंगारात देऊ नका, आणि सहा आठवडे पुरेल एवढा घरात बनवलेला साठा बाजूला ठेवा.

सर्वात नाजूक भाग माणसांचा आहे. शाफ्टच्या ग्राइंडिंगवर पंधरा वर्षे उभ्या असलेल्या ऑपरेटरला ड्रॉइंगवर नसलेल्या कितीतरी गोष्टी ठाऊक असतात: कोणत्या बॅचचा बार ताण घेतो, उन्हाळ्यात दुपारी माप का हलते, कोणते व्हील किती वेळाने ड्रेस करायचे. काम बाहेर गेल्यावर हे ज्ञान वर्ष-दोन वर्षांत विरून जाते, आणि मग पुरवठादार सांगेल तेच खरे मानावे लागते. म्हणून त्याच माणसाला आवक तपासणीवर किंवा पुरवठादारांच्या गाळ्यांना भेट देऊन काम सुधारण्यावर नेमा. त्याला काय होणार आहे हे निर्णयाच्या आधी सांगा. जिन्यात ऐकू आलेल्या बातमीतून त्याला ते कळू नये. जी माहिती लिहून घेण्यासारखी आहे, ती काम हलण्यापूर्वी त्याच्याजवळ बसून लिहून घ्या.

काम परत घरात आणायचे झाल्यास क्रम हाच, फक्त उलटा. पुरवठादाराला पुरेशी सूचना द्या, त्याने तुमच्यासाठी घेतलेला कच्चा माल आणि बनवलेले अर्धवट भाग किंमत देऊन उचला, आणि साचे ताब्यात येईपर्यंत शेवटचा लॉट घेत राहा.

शेवटी त्या यादीच्या प्रत्येक ओळीसमोर एक तारीख लिहा. कोणत्या आकड्यावर हा निर्णय घेतला होता, म्हणजे वर्षाला किती नग, मशीन किती टक्के भरलेले, बाहेरचा दर किती, हेही तारखेशेजारी असावे. शाफ्टच्या ओळीत "12,000 नग, मशीन भरलेले, 328 रुपये" असे लिहिलेले असेल, तर दोन वर्षांनी तुमच्या खुर्चीवर येणाऱ्या माणसाला मशीन रिकामे पडलेले दिसताच ती ओळ पुन्हा उघडायची आहे, हे कोणाला विचारावे लागणार नाही.